पाद्रीबुवांच्या लवंगा

आमच्या गावात चोरी करण्यात काही राम उरला नव्हता, आणि त्याला सर्वस्वी जबाबदार होते आमचे पाद्रीबुवा. चोराला तरी काय हवं असतं हो? थोडी भीती, थोडी धावपळ, आणि ज्याचं गेलं त्याने सकाळी चौकात उभं राहून दिलेल्या चार सणसणीत शिव्या. त्याशिवाय आपण काही नेलं असं त्याला वाटतच नाही. पाद्रीबुवा नेमकं हेच सुख त्याला लाभू देत नसत. एकदा त्यांच्या प्रार्थनाघरातला कंदील गेला. दुसऱ्या दिवशी बाजार होता. पाद्रीबुवा भर बाजारात एका पालथ्या टोपलीवर चढले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ज्या कोणी बंधूने कंदील नेला असेल त्याने वात तेवढी बदलून घ्यावी, ती जळकी आहे. आणि काच एका बाजूने तडकलेली आहे, पुसताना बोट कापेल. सांभाळा!" लोक पोट धरधरून हसले. टोपली आमची होती, ती मोडली. कंदील काही परत आला नाही, पण त्यानंतर त्या घरात कोणी चोरीला शिरल्याचंही ऐकलं नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "चोर बी मानूस हाय. त्याले बी थोडी इज्जत लागते. ह्या बुवाच्या घरी ते भेटत नाही."

मी अमडापूरकडची. लग्न होऊन जळगाव जामोदजवळच्या या गावात आले तेव्हा महाराष्ट्र नवा नवा झाला होता आणि मीही नवी नवी सून झाले होते. दोघांनाही आपलं घर अजून नीट कळलेलं नव्हतं. सासर माळ्याचं. विहिरीवर मोट, वावरात वांगी, मिरच्या, मेथी, कांदे, आणि आठवड्याच्या बाजारात आमची ठरलेली जागा. तिथेच मी पाद्रीबुवांना पहिल्यांदा पाहिलं. उंच, खांद्यात वाकलेले, अंगात असा एक कोट की त्याचा मूळ रंग त्यांच्या बायकोलाही सांगता आला नसता. मूळचे नगरकडचे, त्यामुळे बोलणं जरा पुस्तकी. त्यांची मंडळी म्हणजे दवाखान्यातला कंपाउंडर, त्याची बायको, शाळेतल्या पेटीवाल्या मास्तरीणबाई आणि आणखी काही घरं. सगळी मिळून दोन बैलगाड्यांत सहज मावली असती.

तर हे गृहस्थ आमच्या वांग्यांच्या ढिगापुढे उकिडवे बसले आणि एकेक वांगं निरखून, बोटाने चाचपून, नेमकी किडकी तेवढी निवडून पिशवीत टाकू लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नसेल. मी चांगली चार वांगी पुढे केली, तर म्हणाले, "नको सूनबाई, ती कोणीही घेईल. यांना कोण घेणार? यांचं काय चुकलं? अळी शिरली. आता अळीचं तरी काय चुकलं म्हणा, तिलाही पोट आहे." मामाजी कपाळावर हात मारून घेत. ते म्हणायचे, "अबे, हा मानूस रोज माह्याकडून किडके वांगे घेऊन जाते, लोकाले वाटते मी किडकेच इकतो!" म्हणून ते रागारागाने चांगली वांगी बुवांच्या पिशवीत खाली कोंबत आणि वर एखादं किडकं ठेवत. बुवांना ते कळत असे की नाही कोण जाणे. पाद्रीणबाईंना मात्र कळे, आणि त्या दर दिवाळीला मामाजींसाठी लोणच्याची बरणी पाठवत. अशी बुवांची आणि मामाजींची मैत्री जुळली.

पाद्रीबुवांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत असे. माणूस मुळात वाईट नसतो, त्याचा दात दुखत असतो. कोणी कोणाचं वाईट सांगायला लागला की बुवा डोळे मिटून ऐकत आणि हळहळत म्हणत, "अरेरे! दात दुखत असेल त्याचा." फौजदार शिवीगाळ करतो? दात. सून सासूला बोलली? दात. कोणी दुसऱ्याच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ तोडून नेली? "दाढ असणार. दाढेचं दुखणं फार वाईट." आणि नुसतं म्हणून थांबत नसत. कोटाच्या खिशात लवंगांची पुडी कायम असे. ज्याच्याविषयी तक्रार आली त्याला गाठून ते पुडी उघडत, "घ्या, दाढेखाली धरा. बरं वाटेल." गावात कोणाच्या तोंडाला लवंगेचा वास आला की लोक डोळे मिचकावून विचारत, "काऊन गा, काय करून आला?" या सिद्धांताचं मूळ पाद्रीणबाईंनी मला एकदा पोळ्या लाटता लाटता सांगितलं. लग्नात बुवांचा दात ठणकत होता आणि त्या भरात त्यांनी भर मांडवात सासऱ्यांवर तोंड टाकलं. सासरा बिचारा आत गेला आणि लवंग घेऊन आला. "त्या एका दाताचं मी आजवर ऐकून राहिले आहे," पाद्रीणबाई म्हणाल्या. नगरच्या बाईच्या तोंडी आमचं 'ऐकून राहिले' ऐकून मला फार हसू आलं.

असा माणूस कोणी पंच नेमावा का? पण शाळेच्या हुतुतूच्या सामन्याला एकदा हेडमास्तरांनी नेमला. बुवांच्या तोंडून 'बाद' हा शब्द काही केल्या निघेना. पोरगा रेघेबाहेर पडला की हे म्हणत, "पाय घसरला त्याचा, जाऊ द्या." दम सुटला की म्हणत, "श्वास घेतला बिचाऱ्याने, श्वासही घ्यायचा नाही का?" दोन्हीकडची सगळी पोरं शेवटपर्यंत मैदानात तशीच उभी, कोणी मरेना, कोणी जिंकेना. शेवटी अंधार पडला, पोरं भुकेने घरी पळाली, आणि बुवा दोन्ही कप्तानांना मिठी मारून म्हणाले, "उत्तम खेळलात, दोघेही जिंकलात." हेडमास्तर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. बुवांनी त्यांनाही लवंग नेऊन दिली.

फक्त एका बाबतीत हा लोण्याचा माणूस दगडासारखा कडक होता. त्यांच्यात महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. पाव आमच्या गावात मिळायचा नाही, म्हणून पाद्रीणबाई जाडसर पोळी करत, आणि द्राक्षांच्या जागी मनुका उकळून रस काढत. सगळ्यांनी त्या एकाच पोळीचा तुकडा मोडून देवाच्या नावाने खायचा. ज्याच्या मनात कोणाविषयी राग असेल त्याने आधी जाऊन तो मिटवावा, मग तुकड्याला हात लावावा, हा तर त्यांच्या धर्माचाच नियम. पण बुवा त्याच्या पुढे गेले. ते म्हणत, "घरातला एक रुसून बसला असताना बाकीचे जेवतात का? थांबतात ना? मग इथेही थांबायचं." झालं! पेटीवाल्या मास्तरीणबाई आणि कंपाउंडरची बायको यांचं गाण्याच्या चालीवरून वाजलं, एक म्हणे तू ओढून गातेस, दुसरी म्हणे तू पेटी पळवतेस, आणि या दोघींपायी अख्ख्या मंडळीचं प्रभुभोजन महिनोन् महिने अडलं. बुवा कोणाचं नाव घेत नसत, कोणाकडे बघतही नसत. ताटावर हळूच फडकं ओढत आणि म्हणत, "पुढच्या वेळी बघू." ती पोळी मग पाद्रीणबाई गूळ लावून आजूबाजूच्या पोरांना वाटत. त्यामुळे हे भांडण मिटू नये अशी प्रार्थना करणारीही काही लहान मंडळी गावात होती.

त्या वर्षी हिवाळ्यात आमच्या घरावर मात्र खरंच आभाळ कोसळलं. माझा धाकटा दीर, मी त्यांना भाऊजी म्हणायची, जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा. रात्रभर दंडारीचा, सोंगांचा आणि गाण्यांचा, खेळ पाहून आला आणि सकाळी तसाच मोटेवर उभा राहिला. मोट वर आली की बैल पुढे उतारावर जातात, आणि रिकामी मोट आत सोडताना पाठीपाठीने विहिरीकडे येतात. तिथे हाकणाऱ्याचं लक्ष लागतं, काठ आला की थांबवावं लागतं. भाऊजींचा डोळा लागला. बैल मागे आले ते येतच राहिले. जू मोडलं, एक बैल वाचला आणि हरण्या विहिरीत गेला. हरण्याला मामाजींनी वासरू असल्यापासून हाताने चारलेला. त्याला दोर लावून वर काढला तेव्हा मामाजी त्याच्या मानेवर हात ठेवून बसले, ते उठेचनात. उठले तेव्हा भाऊजींना एवढंच म्हणाले, "या धुऱ्यावर पुन्हा पाय ठेवला तं पाय तोडीन." पोरगा अंगावरच्या कपड्यांनिशी गेला, तो खामगावला कुठल्याशा जिनात कापसाची बोंद्रं, भली मोठी गाठोडी, उचलायला लागला. सासूबाई रोज एक भाकर जास्त थापत, आणि दुसऱ्या दिवशी ती शिळी भाकर मुकाट्याने गाईला घालत. मला ते बघवत नसे.

पाद्रीबुवा कामासाठी खामगावला जात, भाऊजींना भेटून येत, आणि आमच्या अंगणात खाटेवर बसून वकिली सुरू करत. पहिल्या दिवशी अर्थातच दाताने सुरुवात केली. मामाजी म्हणाले, "दात त्याचा दुखला, अन् मेला माह्या हरण्या? हे काय न्याव झाला का बुवा?" दाताने काम होत नाही म्हटल्यावर बुवांनी त्यांच्या शास्त्रातली गोष्ट काढली. एका बापाला दोन पोरं. धाकटा घर सोडून गेला, सगळं उधळलं, भुकेने मरायला टेकला आणि फाटक्या कपड्यांनी घरी यायला निघाला. बापाने त्याला दुरून पाहिलं, आणि म्हातारा धावत सुटला, त्याच्या गळ्यात पडला. बुवांचा आवाज भरून आला होता. सासूबाई चुलीपुढून उठून दाराआड येऊन उभ्या राहिल्या. मामाजींची विडी बोटांत तशीच विझली. मला वाटलं, देवा, झालं हे काम! आणि त्याच भरात बुवा म्हणाले, "आणि आनंदाने तो बाप ओरडला, गोठ्यातलं पुष्ट वासरू आणा आणि कापा!"

मामाजी सावकाश उभे राहिले.

"वासरू?"

"म्हणजे... त्या देशाची तशी रीत, भाऊ..."

"पोरगं आलं म्हनून वासरू कापलं? अन् त्या वासराच्या मायले कोन समजावलं मंग?"

दुसरा कोणी असता तर वाद घातला असता. पाद्रीबुवांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. "खरं आहे," ते म्हणाले, "इतकी वर्षं सांगतो आहे, पण वासराच्या आईचा विचार माझ्याकडून राहूनच गेला." आणि चहा न घेता, वासराच्या बाजूचे होऊन, ते घरी गेले. सासूबाईंनी भिंतीला डोकं टेकलं.

मग शिमगा आला. सणाच्या दिवशी भाऊजींना राहवलं नसावं. दुपारी ते आले आणि धुऱ्याच्या पलीकडे, पाय न ठेवता, बाभळीखाली उभे राहिले. किती वाळला होता पोरगा! पाद्रीबुवा तेव्हा आमच्याकडेच मेथी घ्यायला आले होते. मामाजींनी पोराकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि कुत्र्याला "छू!" म्हणाले. कुत्रं भाऊजींच्या हातून भाकरी खाऊन मोठं झालेलं. ते शेपूट हलवत गेलं आणि त्यांचे पाय चाटू लागलं. भाऊजी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून परत निघून गेले. मी बुवांकडे पाहिलं. त्यांचं तोंड लालेलाल झालं होतं. मेथीची जुडी तिथेच टाकून ते तरातरा चालायला लागले. लवंगांची पुडी त्यांनी बाहेर काढलीच नाही.

त्या रविवारी प्रार्थनाघरात मोठा आनंद होता म्हणे, कारण पेटीवाल्या बाई आणि कंपाउंडरची बायको यांचं एकदाचं मिटलं होतं. पोळी तयार, रस तयार. आणि बुवांनी ताटावर फडकं ओढलं. "या वेळी अडचण माझी आहे," ते म्हणाले. "माझा एका माणसावर राग आहे. सोडायचा प्रयत्न केला, सुटत नाही. क्षमा करा." पाद्रीबुवांना राग? अडलेलं भोजन मग दर रविवारी मांडलं जाई, आणि दर रविवारी फडकं ओढलं जाई. त्यांचा मोठा सण, प्रभू थडग्यातून उठल्याचा, तोंडावर आला. तेव्हा सणाच्या आदल्या दिवशी सकाळी सगळी ख्रिस्ती मंडळी रांगेने आमच्या वावरात येऊन उभी राहिली. पुढे कंपाउंडर, हातात टोपी. "दादा," तो मामाजींना म्हणाला, "आमचा सण अडला हाय. बुवा तुमच्यावर रागावून राह्यले. कसं बी करा, पन त्याइचा राग उतरवा."

मामाजी वांग्याच्या वाफ्यात खुरपं हातात धरून उभे. "माह्यापायी?" ते म्हणाले. "माह्यापायी लोकाचा सन अडला?" आमच्याकडे माणूस स्वतःचं नुकसान सोसेल, भांडण वर्षानुवर्षं पोसेल, पण आपल्यापायी दुसऱ्याच्या पंगतीला खोळंबा झाला हे त्याला सोसत नाही. त्यांनी पागोटं नीट केलं. सासूबाईंनी मला डोळ्याने खुणावलं, "तू जा संग. नाही तं हे भांडून येतील."

पाद्रीबुवा ओसरीवर बसले होते. इतक्या दिवसांनी मामाजींना पाहून उठले, आणि मामाजी काही बोलायच्या आत त्यांनी हात जोडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "भाऊ, मला माफ करा. मी तुम्हाला वाईट ठरवलं. मनातल्या मनात फार फार बोललो तुम्हाला. निर्दय म्हणालो. बाप म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही म्हणालो. मी कोण तुमचा न्याय करणारा? तुमचा बैल गेला, माझा नाही. रोज म्हणतो, दात दुखत असेल त्यांचा, आणि रोज पुन्हा रागावतो."

मामाजींनी इकडेतिकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस रडतो आहे आणि आपल्याला हात जोडतो आहे, याचं काय करायचं ते त्यांना उमजेना. "आता यात माफ काय कराचं, बुवा?" ते पुटपुटले. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं. मग म्हणाले, "बोलले ते काय खोटं बोलले?"

बुवांनी बाहीने डोळे पुसले. मामाजींनी हात पुढे केला.

"द्या इकडे एक लवंग."

"कोणाचा दात दुखतो?"

"माह्या," मामाजी म्हणाले. "लय दिवसापासून दुखून राह्यला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने ते खामगावला गेले. दुपारी मोटार गावात थांबली तेव्हा प्रार्थनाघरातून पेटीचा आवाज येत होता. एक जण ओढून गात होतं आणि पेटी पुढे पळत होती. बाप पुढे, लेक मागे, असे दोघे चालत आले. मामाजी घरात न शिरता सरळ विहिरीवर गेले. भाऊजी धुऱ्यापाशी अडखळले. मामाजींनी मागे न बघता हाक मारली, "ये ना बे!" मग मोटेचा दोर त्यांच्या हातात दिला. "वांग्याले पानी द्याचं हाय. अन् झोप आली तं मले हाक मारजो." सासूबाई दारातून हे ऐकत होत्या, त्या मटकन खालीच बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडले, सांगायला लाज कसली? संध्याकाळी पाद्रीबुवा आणि पाद्रीणबाई आमच्याकडे जेवायला आले. मामाजींनी काट्याकुट्यांच्या जाळावर स्वतः वांगी भाजली. भरताचा घास तोंडात असतानाच बुवांचे डोळे एकदम चमकले, आणि त्यानंतर ते त्या बापाची गोष्ट सांगत तेव्हा पोरगा घरी आल्यावर बाप म्हणे, "मळ्यातली ताजी वांगी आणा आणि भरीत करा!" मोठ्या पाद्र्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी बुवांना बोलावून घेतलं होतं म्हणतात. बुवा जाताना खिशात पुडी घेऊन गेले असणार.

पुढे विहिरीवर इंजिन बसलं, मोट गेली, भाऊजींचं लग्न झालं, त्यांना लेकरं झाली. पाद्रीबुवांची बदली झाली, मग ते नगरकडेच राहिले. अधूनमधून कोणाकडून तरी निरोप यायचा, माळीबुवांचा दात कसा आहे विचारा म्हणून. मामाजी सांगायचे, बरा हाय म्हना. गावात आता कोणाचं वाईट ऐकायला आलं की लोक दाताचं कारण काढत नाहीत, सरळ वाईट म्हणतात. मला ते पटतही नाही आणि मी काही बोलतही नाही. लवंगा मात्र मी डब्यात कायम ठेवते.

बुवा गेल्याची बातमी कंपाउंडरने घरी येऊन सांगितली. मामाजी तोवर फार थकले होते, अंगणातल्या त्याच खाटेवर पडून असत. भाऊजी त्यांच्या पायाशी बसलेले. मामाजींनी ऐकलं, आभाळाकडे पाहिलं. "जिंदगीत एकाच मानसावर रागावला तो," ते म्हणाले, "अन् तो मी. दुसऱ्या कोनाले भेटली का ही इज्जत?" मग भाऊजींच्या आधाराने उठून बसले आणि माझ्याकडे हात पुढे केला. तोंडात तेव्हा त्यांच्या एकही दात उरला नव्हता. मी लवंग दिली. ती गालात धरून ते दिवे लागेपर्यंत तसेच बसून राहिले.